ठाकुर्ली ते शीळफाटा: शून्य

ठाकुर्ली, ७ जानेवारी २०२५

कल्पे,

फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि मागून कीबोर्डची टकटक ऐकू येते. म्हणून हा मेल. आता नीट वाच.

आज सकाळी साडेसहाला मी थंडीत स्कूटी काढून ठाकुर्ली पूर्वेला गेलेले. वेबसाइटवरून बुकिंग आलेलं, नाव 'अबक अबक'. मला वाटलं, कोणा म्हाताऱ्या माणसाने कसंबसं टाइप केलं असेल. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं ते नाइट ड्यूटी करून नुकत्याच झोपलेल्या एका माणसाने. मी विचारते, "उपाशीपोटी आहात ना?" तो म्हणतो, "बाई, तुम्ही कोण?" मी हातात सुई आणि कापूस घेऊन उभी! नशीब, त्याने पोलिसांना नाही बोलावलं. नंतर लॅबमध्ये चौकशी केली तर म्हणे लॅबची वेबसाइट बनवणाऱ्या तुमच्या ठाण्याच्या ऑफिसातून कोणीतरी ती चालते का ते बघत होतं. पत्ता नकाशावरून उचललेला.

अगं, तुम्हाला बघायचंय तर बघा ना. माझे पाय कशाला?

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. घरपोच सॅम्पलची माझी ठाकुर्ली ते शीळफाटा फेरी चालू ठेवायची की नाही, ते लॅबच्या हेड ऑफिसात मार्चमध्ये ठरणार आहे. फोनवरचं बुकिंग त्यांनी बंद केलंय. वेबसाइटचा आकडा जे सांगेल ते खरं. फेरी बंद झाली तर मला ठाण्याच्या सेंटरवर नेऊन बसवतील, ते एक वेळ सोड. पण शीळफाट्याच्या अलीकडच्या गावात आवडाबाई आहे. हृदयाची झडप बदललेली, त्यात कमरेचं हाड मोडून पडून. दर पंधरा दिवसांनी रक्त बघून डॉक्टर तिची गोळी कमी-जास्त करतात. मी गेले नाही तर तिचं रक्त घ्यायला दुसरं कोणी जाणार नाहीये.

तेव्हा तुमचा खेळ माझ्या फेरीत नको.

शालूआत्या


ठाणे, ९ जानेवारी

प्रिय आत्या,

सॉरी, सॉरी, सॉरी. तो पराक्रम आमच्या ऑफिसातल्या बंटीचा. त्याला मी झापलंय.

पण दोष एकट्या त्याचा नाही गं. वेबसाइटच्या पानात आम्ही टॅग बसवतो. टॅग म्हणजे पानात लपलेला चुगलखोर समज. कोणी 'बुक करा' दाबलं की तो जाऊन आकड्यांच्या वहीत एक रेघ मारतो. तुझ्या हेड ऑफिसला जातो तो आकडा हाच. हे टॅग मी सांभाळते. रीत अशी की सरावाच्या वेबसाइटला टॅगचं एक एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एक वेगळी वही, करायचं आणि खऱ्या वेबसाइटला दुसरं. म्हणजे सरावात कितीही बटणं बडवा, खऱ्या वहीत रेघ पडत नाही. आमच्याकडे ते वेगळं केलेलंच नाही. टॅग एकच, खऱ्या वेबसाइटवरचा. त्यामुळे तो चालतो का ते बघायला बंटीला खरंच बुकिंग करावं लागतं, आणि ते खरंच तुझ्या मोबाइलवर येतं.

मी ऋतुराजला, म्हणजे माझ्या बॉसला, ऑक्टोबरपासून सांगतेय की एक दिवस दे, वेगळं करून टाकते. तो म्हणतो, "क्लायंटला दिसत नाही त्या कामाचा दिवस कोण देणार?" प्रत्येक सोमवारी विचारते. प्रत्येक सोमवारी हेच. आता मी विचारायला तोंड उघडलं की बंटीच त्याचं उत्तर म्हणून दाखवतो.

म्हणून मी एक जुगाड केलाय. यापुढे आमच्यापैकी कोणीही खोटं बुकिंग केलं की नावाच्या जागी मराठीत 'चाचणी' लिहायचं. फॉर्म सगळा इंग्रजी, त्यामुळे हा शब्द दुसरीकडे कुठे येणारच नाही. आणि टॅगला नियम घातलाय की फॉर्ममध्ये कुठेही 'चाचणी' दिसलं की ते मोजायचं नाही. तुझ्या मोबाइलवर 'चाचणी' नावाचं बुकिंग आलं तर खुशाल झोपून राहा.

कल्पिता


ठाकुर्ली, २० जानेवारी

कल्पे,

हां, हे बरं केलंस. या आठवड्यात 'चाचणी चाचणी' म्हणून तीन आली, तिन्ही वेळा मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आता दुसरं. तुमचा फॉर्म इंग्रजीत का आहे? आवडाबाईची सून कांता दहावी शिकलेली आहे, पण त्या इंग्रजी यादीपुढे बिचारी दरवेळी अडखळते. गेल्या वेळी तिने सासूसाठी गरोदरपणाची टेस्ट निवडली. आवडाबाई एकाहत्तर वर्षांची आहे! घरात हसून हसून मुरकुंडी वळली, पण रिपोर्ट नको तो निघाला असता तर?

फॉर्म मराठीत करा. आणि मराठीत म्हणजे माणसांच्या मराठीत. लॅबने मला तुमच्याकडून आलेला नमुना दाखवला, त्यात लिहिलंय 'रक्त परीक्षण'. रक्त काय पेपर तपासून घ्यायला येतंय का? तिथे मृणाल मॅडम आहेत, आमच्या हेड ऑफिसच्या, त्या म्हणाल्या 'तपासणी' लिहू. मी म्हटलं, नाही मॅडम. तपासणी डॉक्टर करतात, छातीला नळी लावून. आम्ही लॅबवाले करतो ती चाचणी. रक्तातील साखरेची चाचणी, थायरॉइड चाचणी, रक्त गोठण्याची चाचणी. अठ्ठावीस वर्षं या धंद्यात आहे, एवढं तरी कळतं मला. मॅडमनी मान्य केलं. पूर्ण यादी सोबत पाठवतेय, तशीच्या तशी घाल. काना-मात्रा बदलू नकोस.

शालूआत्या


ठाणे, ३१ जानेवारी

प्रिय आत्या,

घातली. तशीच्या तशी. मराठी फॉर्म उद्यापासून चालू. डोंबिवली-कल्याण भागातून कोणी वेबसाइट उघडली की आधी मराठीच दिसेल, ठाणेकरांना इंग्रजी. तुझ्या यादीचं ऋतुराजनेसुद्धा कौतुक केलं, म्हणाला, "बाई पक्की आहे."

वेगळ्या एन्व्हायर्नमेंटचं परत विचारलं. या वेळी म्हणाला, "तुझा जुगाड मस्त चाललाय की, मग कशाला?" माझ्या पायावर मीच धोंडा मारून घेतला, दुसरं काय. एप्रिलमध्ये मला पर्मनंट करायचं की नाही तेही तोच ठरवणार, म्हणून पुढे ताणलं नाही.

आईने तुझ्यासाठी तिळाच्या वड्या ठेवल्यात, संपायच्या आत ये.

कल्पिता


ठाणे, ६ मार्च

आत्या,

फोन उचलत नाहीयेस, म्हणून लिहितेय. काय चाललंय तुझं?

फेब्रुवारीचा आकडा आलाय. ठाणे दोनशे चौदा. ठाकुर्ली ते शीळफाटा शून्य. कमी नाही, शून्य! मी तीनदा बघितलं. मृणाल मॅडमचा मेल आलाय की मराठी फॉर्म देऊनही त्या भागात कोणाला वेबसाइट नको दिसतेय, पंधरा तारखेला फेरीचा निकाल लावू.

खरं सांग हं, रागावू नकोस. तू लोकांना तुझा नंबर देऊन परस्पर जातेस ना? मला माहितीये तुझा स्वभाव. कोणाला फॉर्म भरायला जमलं नाही की तू म्हणणार, "द्या, मी बघते." पण त्या चांगुलपणाने तुझीच फेरी बुडतेय. मी इकडे तुझ्या फेरीसाठी जिवाचं रान करतेय आणि तू साधा फॉर्म भरून घेत नाहीस. कमाल आहे तुझी.

कल्पिता


ठाकुर्ली, ८ मार्च

कल्पिता,

आज महिला दिन म्हणून लॅबने मला एक गुलाब दिला आणि तू मला खोटं पाडलंस. दोन्ही एकाच दिवशी मिळालं.

मी परस्पर जाते? मी? ज्या बाईने सख्ख्या भावाचं, म्हणजे तुझ्या बापाचं, रक्तसुद्धा बुकिंगशिवाय घेतलं नाही ती? विचार त्याला. अडीच तास ताटकळत बसलेला.

शून्य म्हणे! अगं, माझ्या गुडघ्यांना विचार शून्य म्हणजे काय ते. काल अकरा घरं केली. परवा चौदा. फेब्रुवारीत एक रविवार सोडला तर सुट्टी नाही. सगळी बुकिंगं वेबसाइटची. मॅडमना मोबाइल दाखवायला ठाण्याला गेले, तर म्हणतात, "तुमच्या मोबाइलवर काय आहे त्यावर नाही चालत, शालूताई, आकड्याच्या रिपोर्टवर चालतं." लॅबच्या नोंदीत बघा म्हटलं, तर तिथे डोंबिवलीच्या सेंटरवर आलेलं आणि मी घरोघरून आणलेलं सॅम्पल एकाच नावाखाली पडतं. म्हणजे मी अठ्ठावीस वर्षं घासते आहे ते कुठेच दिसत नाही.

विश्वास बसत नसेल तर कालचं एक बुकिंग अक्षरशः उतरवून देते. मोबाइलवर आलंय तसं:

नाव: आवडाबाई. भरणार: कांता, सून. काय हवे: रक्त गोठण्याची चाचणी. वेळ: सकाळी सात. सूचना: म्हातारीला दाराशी येता येत नाही, कडी काढून आत या.

हे मी माझ्या मनाने रचलं का? आता तूच सांग.

आणि यापुढे असं लिहायच्या आधी एकदा विचार कर. मला फार लागलं.

शालूआत्या


ठाणे, १० मार्च

आत्या,

तुझ्या मेलमधलं ते बुकिंग वाचलं आणि टॅगचा नियम उघडून बघितला.

'रक्त गोठण्याची चाचणी.' फॉर्ममध्ये कुठेही 'चाचणी' दिसलं की मोजायचं नाही. हा नियम मी घातलाय, माझ्या या हातांनी. मग तुझी यादी मीच चिकटवली. त्या यादीत बेचाळीस नावं आहेत आणि बेचाळीसच्या बेचाळीस नावांत तो शब्द आहे. एक फेब्रुवारीपासून तुझ्या भागातल्या ज्या ज्या माणसाने रक्त द्यायचं म्हणून बटण दाबलं, त्याला टॅगने बंटी समजून सोडून दिलं. ठाण्याचे लोक इंग्रजीत भरतात, म्हणून ते सगळे मोजले गेले.

मला दिसायला नको होतं का गं? मीच शब्द निवडला, मीच यादी घातली. तुझ्यावर आरोप केला तोही मीच. माफ कर. खरंच माफ कर.

नियम आज काढून टाकला. पण मागचं परत येत नाही, टॅगने त्या वेळी रेघ मारली नाही म्हणजे नाहीच. ऋतुराजला सांगितलं. तो म्हणाला, "दुरुस्त झालं ना? मग क्लायंटला कशाला सांगायचं, कॉन्ट्रॅक्ट जाईल." पंधरा तारखेपर्यंत पाच दिवस आहेत, तेवढ्यात तुझे पन्नास-साठ आकडे दिसतील. तेवढ्यावर फेरी वाचेल. वाचेलच.

कल्पिता


ठाकुर्ली, १८ मार्च

कल्पे,

तुझी माफी वाचली. राग गेला. शब्दावर अडून बसणारी मीही होतेच की. आणि 'चाचणी' बघून पांघरूण ओढणारीसुद्धा मीच. दोघींच्या डोळ्यांवर झापडं.

पण फेरी बंद झाली. काल लेखी आलं. मॅडम म्हणाल्या, शेवटच्या पाच दिवसांत एकदम साठ बुकिंगं आली म्हणजे तुम्ही ओळखीच्यांकडून भरून घेतलेली दिसतात. नियमाचं तू सांगितलं असशील असं धरून मी वाद घातला नाही. आजपासून ठाण्याच्या सेंटरवर. लॅबचा मोबाइल जमा करून घेतला. माझ्या पेशंटांचे नंबर त्यातच.

तू मॅडमना नियमाचं सांगितलं होतंस ना? त्यांच्या बोलण्यावरून तरी तसं वाटलं नाही.

शालूआत्या


ठाणे, २४ मार्च

आत्या,

नव्हतं सांगितलं.

तुझा मेल सहा दिवस उघडा ठेवून बसले होते. ऋतुराजवर ढकलता येईल, त्याने गप्प बसायला सांगितलं होतं म्हणून. पण मला गप्प बसायचंच होतं. एप्रिल जवळ आला होता. मी घाबरले. एवढंच आहे ते.

आज सकाळी मृणाल मॅडमना सगळं लिहून पाठवलं. नियम कधी घातला, कोणी घातला, यादी कधी आली, किती दिवस तुझी माणसं मोजली गेली नाहीत, आणि शेवटचे साठ खोटे का नाहीत. वेबसाइटकडून तुझ्या मोबाइलला गेलेल्या निरोपांची यादीही काढून जोडली, एक फेब्रुवारीपासून दहा मार्चपर्यंत तीनशे सत्तावीस. खाली माझं नाव घातलं. ऋतुराजला पाठवल्यावर सांगितलं.

तो ओरडला नाही. मला लॅबच्या कामावरून काढलं आणि पर्मनंटचं सहा महिन्यांनी बघू म्हणाला. मग बंटीला हाक मारून म्हणाला, आज टॅगचं सरावाचं एन्व्हायर्नमेंट वेगळं करून टाक. बंटीने जेवणानंतर सुरू केलं आणि चहाच्या आत संपवलं. आत्या, अडीच तास! ऑक्टोबरपासून मी या अडीच तासांसाठी डोकं फोडून घेत होते.

फेरीचं काय होईल माहीत नाही. मॅडमचं उत्तर नाही अजून.

कल्पिता


ठाकुर्ली, २ एप्रिल

कल्पे,

तुझ्या पत्राने काम केलं. मॅडमनी फेरी परत चालू केली, वर मला सॉरी म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, मोबाइल द्या.

पहिलं घर आज आवडाबाईचं घेतलं. सात मार्चनंतर तिचं रक्त कोणी बघितलंच नाही. पंचवीसेक दिवस ती तीच गोळी त्याच मापाने घेत राहिली. कडी काढून आत गेले तर हिरड्यांतून रक्त, दंडावर काळे-निळे डाग. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि रिक्षात घालून तिला ठाण्याला नेलं. दाखल केलीय. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर डोक्यात रक्तस्राव झाला असता. आता ठीक आहे, धोका टळला.

मला माझाच राग येतोय. पंधरा दिवस ठाण्याला बसून मी लोकांना टोकन देत होते. मनात यायचं, कोणीतरी जात असेल. एका रविवारी स्कूटी काढून मला जाता आलं नसतं का? आलं असतं. नाही गेले.

कांता सांगत होती, तिने तीनदा फॉर्म भरला, तीनदा 'या भागात सेवा नाही' असं आलं. सासूला तसं सांगितलं, पण म्हातारीला ते पटेना. आज रिक्षात माझा हात घट्ट धरून म्हणते, "माजा काय चुकला गो बाय? त्या दिशी तुला च्या नाय दिला, कांता बाजारान गेलेली, म्हणून रागावलीस ना?" माझी पाळी चुकल्यापासून गेले दहा-बारा दिवस ती बाई हेच उगाळत होती. सुनेला सांगून ठेवलेलं म्हणे, शालूताई आली की आधी च्या ठेव.

मी तिला टॅग काय सांगू? मला धड सांगताच येईना. आता तू लिहून दे. तिला कळेल असं लिही. उद्या दवाखान्यात कांता वाचून दाखवेल.

शालूआत्या


ठाणे, २ एप्रिल

आवडाबाईंना नमस्कार,

मी कल्पिता, शालूआत्याची भाची. आपली भेट झालेली नाही.

तुमचं काहीही चुकलं नाही. शालूआत्या तुमच्यावर रागावलेली नव्हती. तुमच्या सुनेने तुमच्यासाठी दरवेळी नीट बोलावणं पाठवलं होतं. कुठल्या गावातून किती माणसं बोलावतात ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या चुकीमुळे तुमच्या गावची माणसं मोजलीच गेली नाहीत, तुम्हीसुद्धा. मोठ्या साहेबांना वाटलं, तिकडे कोणाला गरजच नाही. म्हणून त्यांनी आत्याला तुमच्याकडे येऊ दिलं नाही.

चूक कळल्यावर मी लगेच सांगायला हवं होतं. माझी नोकरी जाईल या भीतीने मी चौदा दिवस गप्प बसले. त्या दिवसांत तुम्हाला हे सोसावं लागलं.

तुम्ही घरी आलात की मी आत्याबरोबर येईन. मला घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कल्पिता